कारेन लोक आणि त्यांचा धर्म: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ब्रह्मदेश म्हटला की आपल्याला मंडालेचा तुरुंग आठवतो, नाहीतर रत्नागिरीचा थिबा राजवाडा. कारेन हे नाव कानावर पडते ते बातम्यांतून: थायलंडच्या सीमेवरचा हवाई हल्ला, निर्वासितांची छावणी, 'ख्रिस्ती बंडखोर'. या शेवटच्या दोन शब्दांनी एका मोठ्या समाजाबद्दल फार गैरसमज पसरवला आहे. पुढचे बहुतेक प्रश्न त्यातूनच निघालेले आहेत, म्हणून उत्तरे जरा सविस्तर दिली आहेत.

कारेन म्हणजे नेमके कोण?

म्यानमारचा आग्नेय भाग आणि त्याला लागून असलेला पश्चिम थायलंड इथे राहणाऱ्या, एकमेकांशी नाते असलेल्या अनेक समाजांना मिळून कारेन म्हणतात. त्यांत दोन गट मोठे आहेत, स्गॉ आणि प्वो. याशिवाय पाओ, कयाह (यांनाच कारेन्नी किंवा लाल कारेन म्हणतात), कयान, ब्वे असे गट आहेत. त्यांच्या भाषा तिबेटी-ब्रह्मी कुळातल्या, पण एका गटाची भाषा दुसऱ्याला कळेलच असे नाही. स्गॉ आणि प्वो शेजारच्या गावांत राहूनही आपापल्या भाषेत बोलले तर एकमेकांना समजत नाहीत.

म्यानमारमध्ये त्यांच्या नावाचे कायिन राज्य आहे आणि त्याची राजधानी पा-आन. मात्र सगळे कारेन तिथेच राहतात असे नाही. इरावतीच्या त्रिभुज प्रदेशातल्या भातखाचरांत, पाथेइन (जुने नाव बॅसीन) आणि तौंगूच्या परिसरात, दक्षिणेला दावेईपर्यंत (जुने टॅव्हॉय) त्यांची गावे आहेत. थायलंडमध्ये ताक, मे होंग सोन, चिआंग माई, कांचनाबुरी या प्रांतांत ते पिढ्यान् पिढ्या राहत आले आहेत. त्यामुळे डोंगरातला कारेन आणि सपाटीवरचा कारेन यांच्या जगण्यात खूप अंतर पडते. धर्माचे चित्र समजून घ्यायचे तर हे अंतर आधी ध्यानात घ्यावे लागते.

कारेन लोकांचा धर्म कोणता?

एक नाही. बहुसंख्य कारेन बौद्ध आहेत, थेरवाद परंपरेतले. मोठा अल्पसंख्य गट ख्रिस्ती आहे. त्यात बॅप्टिस्ट सर्वांत जास्त, मग कॅथलिक, अँग्लिकन आणि सेव्हन्थ-डे अ‍ॅडव्हेंटिस्ट. तिसरा गट पूर्वजांचा, भूमीचा आणि भाताचा जुना धर्म पाळतो. शिवाय एकोणिसाव्या शतकात जन्मलेले काही लहान पंथ आहेत, त्यांना यांपैकी कोणत्याही खणात बसवता येत नाही.

२०१४ च्या जनगणनेत कायिन राज्यात सुमारे ८४ टक्के लोक बौद्ध आणि साडेनऊ टक्क्यांच्या आसपास ख्रिस्ती नोंदले गेले. हे आकडे राज्यातल्या सर्व रहिवाशांचे आहेत, फक्त कारेनांचे नाहीत, आणि कारेन संघटनांच्या ताब्यातल्या काही भागांत गणना होऊच शकली नव्हती. तरीही 'कारेन म्हणजे ख्रिस्ती' हे समीकरण टिकत नाही एवढे त्यांतून स्पष्ट होते. पाओ जवळजवळ सगळे बौद्ध आहेत. उलट कयाह राज्यात त्याच जनगणनेत ख्रिस्ती लोक ४५ टक्क्यांच्या वर निघाले. गट बदलला की प्रमाणही बदलते.

मग सगळे जग त्यांना ख्रिस्ती का समजते?

कारण इंग्रजीत लिहिणारे, परदेशी पत्रकारांशी बोलणारे, सैन्याचे आणि शाळांचे नेतृत्व करणारे कारेन बहुतांश ख्रिस्ती होते. मिशनच्या शाळांनी त्यांना दीडशे वर्षांपूर्वीच लेखन, छपाई, परदेशाशी पत्रव्यवहार ही साधने दिली. विहारात शिकलेला प्वो शेतकरी आपली बाजू मांडत नव्हता असे नाही. तो ती प्वोत मांडत होता आणि परदेशातून आलेल्या कुणाला प्वो येत नव्हते.

पुढे अमेरिका, ऑस्ट्रेलिया, नॉर्वे इथे निर्वासित म्हणून गेलेल्या कारेनांतही ख्रिस्ती मोठ्या संख्येने आहेत. मिनेसोटातल्या सेंट पॉल शहरात अमेरिकेतली सर्वांत मोठी कारेन वस्ती आहे आणि तिथल्या चर्चमध्ये स्गॉ भाषेत उपासना चालते. परदेशात भेटतो तो कारेन बहुधा असा असतो, आणि त्याच्यावरून मागे राहिलेल्या लाखोंचा अंदाज बांधला जातो.

त्यांचा मूळ धर्म कसा होता?

'होता' म्हणू नये, तो आजही आहे. डोंगरउतारावर फिरती शेती (आपल्या कोकण-गोव्यात जिला कुमरी म्हणत) करणाऱ्या गावांत त्याचे सगळे वर्ष त्या शेतीभोवती फिरते. जमिनीला आणि पाण्याला धनी आहे. माणूस तिथे पाहुणा. रान तोडण्याआधी त्या धन्याची परवानगी मागायची, कोंबडीच्या हाडांवरून कौल घ्यायचा, कौल वाईट आला तर जागा सोडून द्यायची. भाताची म्हातारी देवी फी बी यॉ हिचा मान वेगळा. गोष्टींत ती फाटक्या कपड्यांतल्या म्हातारीच्या रूपाने येते. जो तिला आसरा देतो त्याचे कोठार भरते. डहाणू-जव्हारकडच्या वारली घरांतल्या कणसरीची ज्यांना ओळख आहे, त्यांना ही म्हातारी परकी वाटणार नाही.

माणसात एकच आत्मा नसतो, अनेक असतात, अशी समजूत आहे. त्यांना क्ला म्हणतात. क्ला भित्रे असतात आणि भटकेही. घाबरले, रागावले किंवा रानात रमले की देह सोडून जातात. मग माणूस आजारी पडतो. अशा वेळी घरातले वडीलधारे शिडीपाशी उभे राहून त्यांना नाव घेऊन परत बोलावतात आणि ते पुन्हा निसटू नयेत म्हणून मनगटाला पांढरा दोरा बांधतात.

बाळ जन्मले की त्याची नाळ बांबूच्या नळीत घालून रानातल्या एखाद्या झाडाला बांधायची प्रथा उत्तर थायलंडच्या स्गॉ गावांत आहे. ते झाड त्या मुलाचे. ते तोडायचे नाही. गावातल्या प्रत्येक माणसाचे असे एक झाड असले म्हणजे गावाशेजारी आपोआप एक राखीव रान उभे राहते. थायलंडमध्ये वनखात्याने या लोकांना जंगल नासवणारे ठरवून हुसकायचा प्रयत्न वारंवार केला आहे. ही नाळेची रानेच त्या आरोपाचे सगळ्यात भक्कम उत्तर आहेत. त्यांच्याकडे एक म्हण आहे: एक गिबन मेला तर सात रानं उदास होतात, एक धनेश मेला तर सात वड सुने पडतात.

या धर्मात बायकांचे स्थान काय?

मध्यभागी. पूर्वजांची मुख्य पूजा आईच्या वंशाने चालते आणि वंशातली सर्वांत वडील स्त्री ती करते. तिच्या मुली, मुलींची मुले, सगळ्यांनी हजर राहायचे. त्यासाठी वेगळे पाळलेले डुक्कर आणि कोंबडी यांचे मांस ठराविक क्रमाने खायचे. एक जण जरी गैरहजर असला तरी पूजा अडते. ती आजी वारली की जुन्या रिवाजानुसार तिचे घर मोडून टाकत. नवरा लग्नानंतर बायकोच्या घरी राहायला येतो. गावाचा पुजारी-प्रमुख, हीखो, मात्र पुरुष असतो.

ही पूजा कमी का होत गेली हे समजणे अवघड नाही. मुले शहरात कामाला, एक बँकॉकला, एक छावणीत, एक परदेशात. सगळे एका दिवशी एका चुलीपाशी कसे येणार? त्यात डुकरांचा खर्च. बौद्ध किंवा ख्रिस्ती झाल्यावर या बंधनातून सुटका होते आणि पूर्वजही कोपत नाहीत, असे लोक मानतात. धर्मांतराची ही बाजू उपदेशाच्या गोष्टींत फार कमी येते. माझ्या मते ती उपदेशाइतकीच, कदाचित जास्तच, महत्त्वाची आहे.

हरवलेल्या पुस्तकाची गोष्ट काय आहे?

कारेन धर्माच्या इतिहासाचा गाभा या एका गोष्टीत आहे, म्हणून इथे थोडे थांबू.

य्वा नावाच्या देवाने जग निर्माण केले. माणसे भावाभावांसारखी होती. कारेन थोरला, गोरा धाकटा. य्वा जायला निघाला तेव्हा त्याने प्रत्येकाला एकेक पुस्तक दिले. थोरल्याला मिळालेले सोन्याचे होते. तो शेतात खुरपणीत गुंतलेला. त्याने पुस्तक एका बुंध्यावर ठेवले आणि विसरला. कुणी सांगतात, रान पेटवले तेव्हा ते जळाले. कुणी सांगतात, पावसाने भिजून खाली पडले, वाळवीने खाल्ले आणि उरलेले कोंबड्यांनी पायांनी उकरले. आणखी एका प्रकारात धाकटा भाऊ ते घेऊन समुद्रापार निघून गेला. म्हणून कारेनाकडे लिपी नाही, ग्रंथ नाही, राजा नाही. आणि म्हणून कोंबडीच्या हाडांत तो देवाचे म्हणणे शोधतो. पण धाकटा भाऊ एक दिवस पुस्तक घेऊन परत येईल.

य्वाबरोबर गोष्टीत मु कॉ ली हाही येतो. तो सापाच्या रूपाने पहिल्या जोडप्याला मना केलेले फळ खायला लावतो आणि मग आजारपण, म्हातारपण, भुताखेतांना बळी देणे हे सगळे सुरू होते.

ब्रह्मी राजांच्या राज्यात कर भरणाऱ्या, वेठीला धरल्या जाणाऱ्या, ग्रंथ आणि विहार दोन्ही दुसऱ्यांच्या हातात पाहणाऱ्या लोकांनी आपल्या दैन्याचे दिलेले हे स्पष्टीकरण आहे. त्यात दोष स्वतःवर घेतला आहे, पण आशाही राखून ठेवली आहे. मला ही गोष्ट दु:खाची वाटते आणि तितकीच मानी वाटते: पुस्तक मुळात आमचे होते.

य्वा म्हणजे बायबलातला यहोवा का? कारेन हे इस्राएलचे वंशज आहेत का?

नावातले साम्य आणि साप-फळाची कथा पाहून अमेरिकन मिशनरी थक्क झाले. त्यांच्यापैकी फ्रान्सिस मेसन यांनी तर कारेन हे इस्राएलच्या हरवलेल्या वंशांपैकी असावेत असा तर्क मांडला. भाषा, इतिहास किंवा पुरातत्त्व यांतले काहीही त्याला आधार देत नाही.

मग साम्य आले कुठून? अठराव्या शतकात इटालियन कॅथलिक धर्मगुरू ब्रह्मदेशात होते आणि त्यांचा कारेनांशी संपर्क आला होता. काही अभ्यासक त्याकडे बोट दाखवतात. काहींना मध्य आशियातून चीनमध्ये पोचलेल्या जुन्या सिरियन ख्रिस्ती पंथाचा माग दिसतो. आणि या गोष्टी मुळात मिशनऱ्यांनी लिहून ठेवल्या, त्यामुळे ऐकणाऱ्याच्या कानाने त्यांना घडवले हेही उघड आहे. सर्वांत साधी बाब अशी की पुस्तक हरवल्याच्या कथा या टापूतल्या इतर डोंगरी समाजांतही सापडतात आणि तिथे बायबलाचा काही संबंध नाही. पुस्तकाची कथा त्यांची स्वतःची आहे; य्वाच्या कथेत बाहेरचे काही मिसळले असेल तर ते कधी मिसळले याचा पुरावा उरलेला नाही.

ख्रिस्ती धर्म कारेनांपर्यंत कसा पोचला? त्याचा महाराष्ट्राशी संबंध आहे हे खरे का?

खरे आहे. ६ फेब्रुवारी १८१२ रोजी अमेरिकेत सेलम इथे पाच तरुणांना परदेशी मिशनसाठी दीक्षा मिळाली आणि ते दोन जहाजांनी कलकत्त्याला आले. कंपनी सरकारला ते नको होते. त्यांच्यापैकी गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट १८१३ साली मुंबईला पोचले आणि तिथे अमेरिकन मराठी मिशन उभे राहिले. पुढे त्याचा पसारा अहमदनगरपर्यंत गेला. अ‍ॅडोनिराम जडसन मात्र वाटेत बॅप्टिस्ट झाले आणि त्याच वर्षी रंगूनला उतरले. दोन्ही मिशनांनी १८४२ साली वृत्तपत्रे काढली: नगरला 'ज्ञानोदय', टॅव्हॉयला स्गॉ भाषेतला 'सकाळचा तारा'. एकाच झाडाच्या या दोन फांद्यांना फळे मात्र फार वेगळी आली.

जडसन यांचे सारे लक्ष ब्रह्मी बौद्धांकडे होते आणि त्यांतले फार थोडे ख्रिस्ती झाले. कारेनांकडे नेणारा माणूस त्यांना योगायोगाने मिळाला. को था ब्यू हा बॅसीनजवळचा कारेन. तरुणपणी दरोडेखोर, आपल्या हातून तीस तरी माणसे मेली असे तो स्वतः सांगे. कर्जापायी गुलाम झाला होता, ते कर्ज एका ब्रह्मी ख्रिस्ती माणसाने फेडले. १६ मे १८२८ रोजी टॅव्हॉयमध्ये जडसन यांचे सहकारी मिशनरी जॉर्ज बोर्डमन यांनी त्याला बाप्तिस्मा दिला आणि तो लगेच डोंगरात निघून गेला. त्यानंतर मरेपर्यंत, म्हणजे १८४० पर्यंत, तो गावोगाव फिरत राहिला.

त्याच वर्षी टॅव्हॉयच्या परिसरातले काही कारेन एक पुस्तक घेऊन बोर्डमन यांच्याकडे आले. कित्येक वर्षांपूर्वी एका वाटसरूने ते दिले होते. एक म्हातारा ते कापडात गुंडाळून जपत होता आणि गाव त्याची पूजा करत होते. बोर्डमन यांनी उघडून पाहिले तर ती ऑक्सफर्डला छापलेली अँग्लिकन प्रार्थनांची आणि स्तोत्रांची पोथी निघाली. हरवलेल्या पुस्तकाची कथा ऐकत वाढलेल्या लोकांना त्या क्षणी काय वाटले असेल, ते वेगळे सांगायला नको.

म्हणजे मिशनऱ्यांनीच त्यांना ख्रिस्ती केले?

ही मांडणी मला पटत नाही. बोर्डमन १८३१ साली क्षयाने वारले. टॅव्हॉयच्या डोंगरांत, बॅसीनच्या खाड्यांत पायी फिरणारे होते ते कारेन. बॅसीन तेव्हा ब्रह्मी राजाच्या ताब्यात होते आणि नव्या धर्माचे पुस्तक बाळगणाऱ्याला तुरुंग, दंड, मार सोसावा लागे. मिशनरी एलिशा अ‍ॅबट आराकानच्या ब्रिटिश हद्दीत सँडोवेला थांबले होते. त्यांच्याकडे शिकायला लोक आराकान योमा ही डोंगररांग ओलांडून जात आणि परत येऊन आपापल्या गावात चर्च उभे करत. १८५० नंतर बॅसीनच्या मंडळ्यांनी आपल्या पाद्रींचा खर्च आपणच उचलायचे ठरवले. भात विकून त्यांनी शाळा बांधल्या. को था ब्यूच्या बाप्तिस्म्याला पन्नास वर्षे झाली तेव्हा, १८७८ मध्ये, त्याच्या नावाचे भव्य सभागृह त्यांनी उभे केले आणि त्याच सुमाराला उत्तरेला काचिन डोंगरांत आपले धर्मप्रचारकही पाठवले. ज्या समाजाला अडाणी म्हणून हिणवले जाई, त्याने दोन पिढ्यांत हे केले.

लिपी कुणी दिली?

यावर कुतूहल असणाऱ्यांसाठी हा सगळ्यात रंजक भाग आहे. मिशनरी जोनाथन वेड यांनी १८३० च्या दशकाच्या सुरुवातीला ब्रह्मी अक्षरांवरून स्गॉची लिपी बसवली. मेसन यांनी त्या लिपीत नवा करार १८४३ मध्ये आणि पूर्ण बायबल १८५३ मध्ये छापले.

पण ती एकच लिपी नव्हे. प्वो बौद्धांच्या विहारांत मोन या शेजारच्या बौद्ध समाजाच्या परंपरेवरून आलेली वेगळी लिपी भिक्षू वापरत आले आहेत. आणि लेके पंथाची (त्याच्याविषयी पुढच्या उत्तरात) तिसरीच लिपी आहे, जी कोंबडीच्या पायांनी उकरल्यासारखी दिसते, आणि तेच तिचे मोठेपण मानले जाते: पुस्तक पडले होते तिथे कोंबड्यांनी उकरलेल्या खुणांमधून ती मिळाली, अशी श्रद्धा आहे. प्रत्येक धर्माने 'तुमचे पुस्तक हे पाहा' असे आपापल्या अक्षरांत म्हटले.

लेके आणि तेलाखोन हे पंथ कोणते?

दोन्ही एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला, ब्रह्मी राज्य कोसळत असताना आणि इंग्रज पाय पसरत असताना, प्वो लोकांत जन्मले. लेके अनुयायी अरिय म्हणजे येणाऱ्या मैत्रेय बुद्धाची वाट पाहतात. ते भिक्षुसंघाला मानत नाहीत, त्यांची स्वतःची पूजास्थाने आणि स्वतःची शिकवण आहे.

तेलाखोनचे प्रमुख ठाणे थायलंडच्या उम्फांग भागात, सीमेला टेकलेल्या लेतोंगखू गावात आहे. तिथला धर्मप्रमुख केस न कापणारा ऋषी असतो आणि त्याची गादी एकाकडून दुसऱ्याकडे चालत येते. बुद्धप्रतिमा कोरलेले हस्तिदंत तिथे पूज्य आहेत. गावात डुकरे-कोंबड्या पाळत नाहीत. तेही धाकट्या भावाची, पुस्तकाची आणि सत्ययुगाची वाट पाहतात. मिशनरी त्यांच्यापर्यंत पोचले होते, पण या लोकांना त्यांचे पुस्तक आपले वाटले नाही.

बौद्ध कारेनांबद्दल एवढे कमी का लिहिले जाते? त्यांचा बौद्ध धर्म वेगळा आहे का?

कमी लिहिले जाते हे खरे, आणि ते फार खटकते. प्वो कारेन मोन शेजाऱ्यांकडून बौद्ध झाले तेही ख्रिस्ती मिशनच्या कितीतरी आधी. पा-आनजवळचा झ्वेगाबिन डोंगर, त्यावरचा पॅगोडा, गुहांमधल्या बुद्धमूर्ती हा त्यांचा प्रदेश आहे.

या भागात मोठे भिक्षू लोकांचे आधारस्तंभ राहिले आहेत. थमान्या टेकडीवरचे सयाडॉ (म्हणजे ज्येष्ठ भिक्षू) उ विनय (निधन २००३) मूळचे पाओ. त्यांनी टेकडीभोवती शाकाहाराचे आणि शस्त्रबंदीचे क्षेत्र केले. युद्धाने पळालेली हजारो कुटुंबे तिथे येऊन राहिली. लोकांनी श्रमदानाने रस्ते बांधले, रोज हजारोंना जेवण मिळे. आंग सान स्यू ची १९९५ मध्ये नजरकैदेतून सुटल्यावर त्यांच्या दर्शनाला गेल्या होत्या. थायलंडकडे लाम्फून प्रांतातल्या हुआय तोम इथे ख्रुबा वोंग यांच्यामागे डोंगर उतरून आलेल्या कारेनांनी पूर्ण शाकाहारी गाव वसवले.

पॅगोडा बांधणे, शाकाहार, येणाऱ्या बुद्धाची आस: कारेन बौद्ध धर्मात या तीन गोष्टी ठळक आहेत. त्यांची जुनी वाट पाहण्याची सवय इथेही दिसते.

कारेनांचे युद्ध हे बौद्ध आणि ख्रिस्ती यांच्यातले आहे का?

नाही. पण धर्माचा त्यात वापर झाला.

१८८५ साली इंग्रजांनी थिबाला पदच्युत केले. त्यानंतर देशभर बंडे उसळली आणि त्यांत भिक्षूही उतरले. तेव्हा इंग्रजांनी दक्षिणेत ख्रिस्ती कारेनांना बंदुका दिल्या आणि मिशनऱ्यांनी त्याला उत्तेजन दिले. त्या वर्षांत मनांत जी गाठ बसली ती सुटली नाही. १८८१ मध्ये स्थापन झालेली कारेन नॅशनल असोसिएशन सर्व धर्मांच्या कारेनांसाठी होती. पण पुढारी शाळेत शिकलेले, म्हणजे बहुतांश बॅप्टिस्ट. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ साली, म्याउंगम्या भागात ब्रह्मी स्वातंत्र्यसेनेने कारेन गावांत कत्तली केल्या. स्वातंत्र्यानंतर वर्षभराने, जानेवारी १९४९ च्या अखेरीला, रंगूनजवळच्या इनसीनला लढाई पेटली.

ही लढाई चालवणाऱ्या कारेन नॅशनल युनियन या संघटनेचे पहिले नेते सॉ बा उ जी यांनी चार तत्त्वे दिली: शरणागती नाही, कारेन राज्याला पूर्ण मान्यता, शस्त्रे आपल्याकडेच राहतील, आपले राजकीय भवितव्य आपण ठरवू. या चारांत धर्माचा शब्दही नाही. १२ ऑगस्ट १९५० रोजी ते मारले गेले. कारेन तो दिवस हुतात्मा दिन म्हणून पाळतात.

मग १९९४ मध्ये बौद्ध कारेन वेगळे का झाले?

कारण तक्रारी खऱ्या होत्या. आघाडीवर लढणारे सैनिक बहुतांश बौद्ध, वरचे अधिकारी बहुतांश ख्रिस्ती. बढती, शिक्षण, औषधे यांत दुजाभाव होतो अशी भावना वर्षानुवर्षे साचत होती. म्याइंगजीनू इथले भिक्षू उ थुझाना यांनी सालवीन आणि मोई नद्यांच्या संगमाजवळ बौद्ध केंद्र उभारले होते. तिथल्या पॅगोड्यावरून नेतृत्वाशी वाद झाला आणि डिसेंबर १९९४ मध्ये बौद्ध सैनिकांनी वेगळी सेना काढली. ब्रह्मी लष्कराने ही संधी साधली. जानेवारी १९९५ मध्ये संघटनेचे मुख्यालय मानेरप्लॉ पडले.

जनरल बो म्या तेव्हा प्रमुख होते, ते स्वतः धर्मांतर करून अ‍ॅडव्हेंटिस्ट झालेले. साध्या सैनिकाचे गाऱ्हाणे वेळेवर ऐकले असते तर ही फूट टळू शकली असती, असे मला वाटते. फुटीनंतर भावाने भावावर गोळी झाडली, सीमेपलीकडच्या छावण्या जाळल्या गेल्या. पुढे २०१६ च्या सुमाराला उ थुझाना यांनी काही चर्चच्या आवारात पॅगोडे बांधले, तेव्हा स्थानिक अँग्लिकन बिशपांनी आपल्या माणसांना शांत राहायला सांगितले आणि दंगल झाली नाही. ही दुसरी घटना पहिलीइतकीच लक्षात ठेवण्याजोगी आहे.

'गॉड्स आर्मी' म्हणजे काय होते?

जॉनी आणि लूथर टू ही जुळी मुले. १९९७ मध्ये ब्रह्मी सैन्याने दक्षिणेकडची कारेन गावे उद्ध्वस्त केली तेव्हा नऊ-दहा वर्षांच्या या मुलांच्या अंगी दैवी शक्ती आहे अशा श्रद्धेने लोक त्यांच्यामागे गोळा झाले. जानेवारी २००० मध्ये त्यांच्याशी संबंधित बंदूकधाऱ्यांनी थायलंडच्या राचबुरीतले रुग्णालय ताब्यात घेतले. थाई सैनिकांनी ते सगळे ठार केले. वर्षभरात जुळे शरण आले. सिगारेट ओढणाऱ्या मुलांचे छायाचित्र जगभर गाजले. त्यामागे उजाड झालेली गावे होती, त्यांच्याकडे थोड्यांनीच पाहिले.

गळ्यात पितळी कडी घालणाऱ्या बायका कारेनच का?

होय, त्या कयान गटातल्या. त्यांच्यात कॅथलिक बरेच आहेत. इटलीतल्या मिलानच्या मिशनचे धर्मगुरू १८६८ पासून तौंगूमार्गे त्या डोंगरांत गेले. कड्यांचा त्यांच्या धर्माशी थेट संबंध नाही. थायलंडमध्ये पर्यटकांना दाखवण्यासाठी वसवलेल्या गावांत तिकीट काढून जायचे की नाही, हे ज्याने त्याने ठरवावे. मी जाऊ नका असेच म्हणेन.

सर्व कारेनांना जोडणारा एखादा सण आहे का?

दोन आहेत. पौषाच्या सुमाराला, डिसेंबर-जानेवारीत, नवे वर्ष येते. ते कोणत्याही धर्माचे नसावे या हेतूनेच निवडले गेले आणि १९३८ मध्ये त्याची सरकारी सुटी जाहीर झाली. त्या दिवशी बेडकांच्या प्रतिमा असलेले काशाचे ढोल वाजतात आणि तरुण-तरुणी रांगेत 'दोन' नाच करतात.

दुसरा ऑगस्टच्या पौर्णिमेचा, मनगटाला दोरा बांधण्याचा. थंड पाणी, पांढरा दोरा, भाताचे गोळे, चिकट भाताचे त्रिकोणी मुटके, केळी, ऊस आणि फुले अशा सात वस्तू मांडतात. वडीलधारी माणसे मुलांच्या क्लांना बोलावून दोरा बांधतात. पूर्वी मिशनने याला अंधश्रद्धा म्हणून मनाई केली होती आणि काही चर्च अजून दूर राहतात. पण छावण्यांत आणि परदेशात आता बौद्ध व ख्रिस्ती एकाच मांडवात बसून दोरा बांधून घेताना दिसतात.

आज तिथे काय परिस्थिती आहे?

फेब्रुवारी २०२१ च्या लष्करी बंडानंतर कारेन भागावर पुन्हा हवाई हल्ले सुरू झाले. बॉम्ब चर्चवर पडले तसे विहारांवरही. लाखो लोक घर सोडून रानात किंवा सीमेवर आले. थायलंडच्या बाजूला नऊ छावण्या आहेत. १९८४ मध्ये सुरू झालेली मे ला सर्वांत मोठी. तिथे एका टेकडीच्या पायथ्याशी चर्च, विहार आणि मशीद तिन्ही आहेत.

या बंडाच्या आधीच, २०१८ मध्ये, कायिन राज्याच्या उत्तरेकडच्या म्यूट्रॉ भागात कारेनांनी सालवीन शांतता उद्यान जाहीर केले. सुमारे साडेपाच हजार चौरस किलोमीटरचे हे रान 'कॉ' या जुन्या पद्धतीने, म्हणजे प्रत्येक गावाच्या वारशाच्या हद्दी आणि तिथले विधी-निषेध पाळून राखले जाते. त्यासाठी झटणारे पॉल सीन ट्वा यांना २०२० मध्ये गोल्डमन पर्यावरण पुरस्कार मिळाला. जमिनीच्या धन्याची परवानगी मागणारा जुना धर्म आता नकाशे आणि घटना घेऊन उभा आहे, आणि त्याच्या राखणदारांत बॅप्टिस्ट, बौद्ध आणि कोंबडीचा कौल लावणारे एकत्र आहेत.

भारतात कारेन आहेत का?

आहेत, अंदमानात. १९२५ मध्ये इंग्रज सरकारला जंगलकामासाठी माणसे हवी होती, तेव्हा बॅसीनकडची काही बॅप्टिस्ट कुटुंबे मायाबंदरजवळ आली आणि वेबी गाव वसले. आज मध्य अंदमानात त्यांची सात-आठ गावे आहेत, लोकसंख्या दोन हजारांच्या आसपास. घरी स्गॉ बोलतात, बाहेर हिंदी. समुद्र, रान, मासे, पक्षी यांची त्यांची जाण एवढी पक्की की वंडूरच्या पर्यावरण संशोधन केंद्रातले कितीतरी काम त्यांच्या बळावर उभे राहिले. त्यांची नोंद इतर मागासवर्गीयांत होते.

सेल्युलर जेल पाहायला महाराष्ट्रातून दरवर्षी असंख्य लोक जातात, पण उत्तरेकडे मायाबंदरपर्यंत, सुमारे दोनशे चाळीस किलोमीटर, थोडेच येतात.

कारेन माणसाला हाक कशी मारावी? भेटल्यावर काय सांभाळावे?

स्गॉ पुरुषाच्या नावाआधी 'सॉ', स्त्रीच्या नावाआधी 'नॉ' लागते. प्वोमध्ये 'मान' आणि 'नान'. ही आडनावे नाहीत. शिक्षकाला किंवा पाद्रींना 'थ्रा', बाईंना 'थ्रामू' म्हणतात. 'तुम्ही ख्रिस्ती ना?' हा पहिला प्रश्न विचारू नये. त्यापेक्षा गाव कोणते ते विचारावे. घरात शिरताना पायताण शिडीखाली काढावे, आणि जेवायचा आग्रह झाला तर थोडे तरी खावे. भात खाल्लास का, अशीच तिथे ख्यालीखुशाली विचारतात.